कॉम्प्युटर सुरूच होत नाही? मेकॅनिकला फोन लावायच्या आधी एवढं बघा

व्हिडिओत मी कॅबिनेट उघडून पटापट दाखवलं, तेच इथे सावकाश लिहितोय. दोन्ही हात कॅबिनेटमध्ये असताना व्हिडिओ मागे-पुढे करत बसणं जमत नाही. मोबाईलवर हे पान उघडं ठेवा आणि कामाला लागा.

आधी धंद्याचं बोलू. २०२३ च्या खरिपात राज्यात एक रुपयात पीक विमा सुरू झाला. शेतकऱ्याने भरायचा रुपया, आणि अर्ज भरून देणाऱ्या केंद्रचालकाला अर्जामागे ४० रुपये विमा कंपनीकडून. शेवटची तारीख ३१ जुलै, ती पुढे ३ ऑगस्टपर्यंत वाढली. आता तुम्हीच हिशोब करा. अशा दिवसात रोजचे ५० अर्ज धरले तरी २,००० रुपये होतात, आणि नेमका त्या दिवशी कॉम्प्युटर बंद पडला तर ते २,००० तर जातातच, पण दारात सातबारा घेऊन उभा असलेला माणूस शेजारच्या केंद्रात जातो आणि पुढच्या वर्षीही तिथेच जातो. तो रुपयाचा विमा नंतर बंद झाला. शेवटची तारीख मात्र कधी बंद होत नाही. आज विमा, उद्या शिष्यवृत्ती, परवा प्रवेशाचे दाखले.

आपल्या देवळ्यात, आणि एकूणच कसमादे पट्ट्यात, बरेच जण सुरुवात घरच्याच कॉम्प्युटरवर करतात. पोरीच्या एमएस-सीआयटीच्या वेळी घेतलेला, वर कापड टाकून ठेवलेला. त्याच्यावरच हा लेख आहे.

सगळ्यात आधी एक ठरवा. ‘सुरू होत नाही’ म्हणजे नक्की काय होतंय? बटण दाबलं तर काहीच हालचाल नाही, ना दिवा ना पंखा? की पंखा फिरतो पण स्क्रीन काळी? की कंपनीचं चिन्ह येतं आणि तिथेच अडकतं? हे तीन वेगळे आजार आहेत आणि तिघांची औषधं वेगळी. फोनवर मेकॅनिकला नुसतं ‘चालू होईना’ सांगितलं तर तो येणार, उघडून बघणार, आणि सामान आणायला परत मालेगाव नाही तर नाशिकला जाणार. तुमचे दोन दिवस गेले.

काहीच हालचाल नाही

इथे दहापैकी बऱ्याच वेळा दोष कॉम्प्युटरच्या बाहेर असतो. यूपीएस बाजूला काढा आणि कॉम्प्युटरची वायर थेट भिंतीतल्या सॉकेटला लावा. यूपीएसची बॅटरी साधारण दोन-तीन वर्षांत दमते. लाईट गेली-आली की यूपीएस नुसता टूं-टूं करतो आणि आपल्याला वाटतं कॉम्प्युटर गेला.

सॉकेट तपासायला मोबाईलचा चार्जर लावू नका. हे लक्षात ठेवा, कारण इथेच लोक फसतात. चार्जर १०० ते २४० व्होल्टपर्यंत कशावरही चालतो, त्यामुळे व्होल्टेज पडलेलं असलं तरी तो मोबाईल चार्ज करतच राहतो. जुना पिवळा बल्ब किंवा टेबलफॅन लावून बघा. बल्ब मिणमिणला, पंखा संथ फिरला, तर व्होल्टेज कमी आहे. बरीच स्वस्त एसएमपीएस अशा व्होल्टेजवर उठतच नाहीत. मळ्यातल्या घरी, जिथे मोटारी त्याच लाईनवर असतात, तिथे हे सर्रास दिसतं. सकाळी मोटारी बंद असताना कॉम्प्युटर सुरू होतो आणि दुपारी होत नाही, असं असेल तर एक रुपयाचं सामान बदलू नका, आधी स्टॅबिलायझरचं बघा. आणि कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर तुमच्या सॉकेटला अर्थिंग नाही. वायरमन बोलावून ते आजच करून घ्या, कॉम्प्युटर उद्या.

सॉकेट ठीक असेल तर मागे बघा. एसएमपीएसच्या मागे छोटा काळा स्विच असतो, झाडताना तो बंद होतो. पॉवर केबल दुसऱ्या मशीनची लावून बघा. मग केबल पूर्ण काढा आणि समोरचं पॉवर बटण तीस सेकंद दाबून धरा. बोर्डात अडकलेला चार्ज निघून जातो. पुन्हा केबल लावा. ऐकायला हे अंगारा-धुपाऱ्यासारखं वाटतं, पण विजेचा झटका येऊन गेल्यावर रुसलेल्या कित्येक मशीन याने उठतात.

तरीही नाही? मग एसएमपीएस, पॉवर बटण किंवा मदरबोर्ड, या तिघांपैकी एक. ओळखीतल्या कुणाचं चालू एसएमपीएस तासाभरासाठी मागून आणा आणि लावून बघा. बोर्डाला जाणारा रुंद २४ पिनांचा जोड आणि प्रोसेसरजवळचा छोटा चौकोनी जोड, दोन्ही लावायचे. छोटा विसरला तर पंखे फिरतील पण पुढे काही होणार नाही. एसएमपीएसचा डबा मात्र उघडायचा नाही. केबल काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो आणि तो जोरात बसतो. पेपरक्लिपने हिरवी-काळी वायर जोडून तपासायची पद्धत आहे, मला माहीत आहे, पण शिकाऊ माणसाने ती करावी असं मला वाटत नाही.

पंखा फिरतो, स्क्रीन काळी

आधी मॉनिटर. त्याचा स्वतःचा दिवा लागतो का? ‘नो सिग्नल’ असं येतं का? येत असेल तर मॉनिटर जिवंत आहे, सिग्नल पोचत नाही. केबल दोन्ही टोकांना काढून घट्ट लावा. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल कार्डाला लागली पाहिजे, बोर्डाला नाही.

नंतर रॅम. आपल्याकडच्या धुळीत हाच सगळ्यात जास्त सापडणारा आजार. कांद्याच्या चाळीजवळ घर असेल तर विचारूच नका, कॅबिनेटमध्ये टरफलं सापडतात. केबल काढा, कॅबिनेटच्या पत्र्याला एकदा हात लावा म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरेल. रॅमच्या दोन्ही बाजूंच्या कड्या मोकळ्या करून पट्टी सरळ वर काढा. सोनेरी कडेवर शाळेतला साधा पांढरा खोडरबर हलक्या हाताने फिरवा, कण पुसून टाका, आणि खाच जुळवून ‘टक्’ आवाज येईपर्यंत बसवा. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघा. लांब बीप पुन्हा पुन्हा येत असेल तर बहुतेक वेळा रॅमच असते. बीपचा नेमका अर्थ बोर्डाप्रमाणे बदलतो, म्हणून बोर्डाचं नाव लिहून घ्या. ब्लोअर मारताना पंख्यात काडी अडकवा, पंखा गरगर फिरू देऊ नका.

एक छोटी गोष्ट, जी केंद्रचालकाला फार नडते. बोर्डावर रुपयाच्या नाण्यासारखा सेल असतो, सीआर२०३२, तीन व्होल्टचा. तो उतरला की प्रत्येक वेळी तारीख मागे जाते. कॉम्प्युटर सुरू होतो, पण सरकारी साईट उघडत नाही, डिजिटल सही चालत नाही, आणि आपण नेटवाल्याला शिव्या देतो. घड्याळ बघा. चाळीस-पन्नास रुपयांचा सेल आहे.

चिन्ह येतं आणि अडकतं

पेन ड्राइव्ह लावलेला राहिलाय का ते बघा. ‘नो बूटेबल डिव्हाइस’ आलं तर हार्ड डिस्कची पातळ सॅटा केबल दोन्हीकडून काढून लावा. डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल तर मशीन बंद करा आणि बंदच ठेवा. प्रत्येक वेळी चालू करून बघण्यात उरलासुरला डेटा जातो.

डिस्क ठीक आणि विंडोजच अडकलं असेल तर घाबरू नका. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळ्या स्क्रीनवर अडकले होते. आपल्याकडे विमानतळावर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. त्या मशीनचं हार्डवेअर ठणठणीत होतं. सेफ मोडमध्ये जाऊन एक फाईल काढली की मशीन उठत होती. घरीही तीच वाट आहे. विंडोजची गोल चकरी दिसली की पॉवर बटण दाबून बंद करा. असं दोन-तीनदा केलं की दुरुस्तीचा निळा पडदा येतो. त्यात ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट आणि मग ४ हा आकडा. सेफ मोडमध्ये उघडलं तर शेवटी टाकलेलं सॉफ्टवेअर किंवा ड्रायव्हर काढून टाका. मध्येच बिटलॉकरची ४८ अंकी किल्ली मागितली तर ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. आज मशीन चालू असतानाच ती वहीत उतरवून ठेवा.

आता मेकॅनिक. तो आल्यावर पहिलं वाक्य असतं, “फॉरमॅट मारून देतो, नवीन विंडोज टाकतो.” लगेच हो म्हणू नका. आधी डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावायला सांगा आणि डेटा तुमच्यासमोर कॉपी करून घ्या. त्यात गिऱ्हाइकांचे आधार, पासबुक, सातबारा स्कॅन करून ठेवलेले असतात. त्याच कारणाने जुनी डिस्क त्याला देऊन टाकायची नाही, बदललेला भाग मागून घ्यायचा. “मदरबोर्ड गेला” म्हणाला तर विचारा, दुसरं एसएमपीएस लावून बघितलं का? दुसरी रॅम? हे दोन प्रश्न विचारले की बोलण्याचा सूर बदलतो, आणि बऱ्याचदा बिलही.

काउंटरच्या खणात एक डबा करा: एक सीआर२०३२, एक सॅटा केबल, एक पॉवर केबल, खोडरबर, स्टार स्क्रू-ड्रायव्हर आणि विंडोजचा बूटेबल पेन ड्राइव्ह. हा पेन ड्राइव्ह चालू मशीनवरच तयार होतो, त्यामुळे तो आज बनवा. ८ जीबीचा पुरतो, आणि त्यावर आधीचं काही असेल तर ते पुसलं जातं.