गाडी ओढत नाही? आधी डिझेलचा पाइप कापून बघा

चाळीसगाव सोडून कन्नडचा घाट लागला, की भरलेल्या गाडीत किती जीव आहे ते कळतं. 2023 च्या ऑगस्टमध्ये या घाटातून जड वाहनांना बंदी झाली, त्याआधीची ही गोष्ट. उस्मानपुऱ्यात राहणारे आमचे थोरले बंधू धुळ्याहून माल भरून येत होते आणि चढाला गाडी दम टाकू लागली. तिसऱ्याचा दुसरा, दुसऱ्याचा पहिला, तरी ओढेना. कडेला घेऊन थोडा वेळ उभी केली की काही अंतर नीट जायची, मग पुन्हा तेच. धूर म्हणाल, तर ना काळा ना पांढरा.

थांबल्यावर सुधारते आणि धूर नाही, या दोन गोष्टींतच अर्धं निदान होतं. गाडी ज्या गॅरेजवाल्याकडे नेली, त्याला दादांनी त्या पहिल्याच दिवशी सांगितल्या. त्याने ऐकून घेतल्या नाहीत, याचा राग अजून गेलेला नाही.

गाडी टाटाची, इंजिन कमिन्सचं सिक्स बीटी. सहा सिलिंडर, 5.9 लिटर, इनलाइन पंप. कॉमन रेलच्या गाडीत स्कॅनर लावला की निदान एखादा कोड तरी दिसतो; इथे तसं काही नाही. इथे कान, डोळे, हात आणि डोकं वापरावं लागतं. गॅरेजवाल्याने वापरला तो पाना. गाडी उभ्या-उभ्या रेस करून बघितली, इंजिन खणखणीत वाजलं आणि त्याने सांगून टाकलं, "शेठ, पंप गेलाय." भरलेली गाडी चढावर नेऊन बघा, असं दादा म्हणाले, तर त्यासाठी वेळ नाही म्हणाला. पंप उतरवला, नोझल बदलले, मग टर्बो बदलला. गाडी होती तशीच. तेव्हा तो म्हणाला, "आता हाफ इंजिन करावं लागेल. नाहीतर विकून टाका, गाडी म्हातारी झाली."

आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस काढावा लागतो, त्यात स्क्रॅपची चर्चा कानावर असते. जुन्या गाडीचा मालक आधीच धास्तावलेला असतो. त्या धास्तीवर बिल वाढवणारे लोक या धंद्यात आहेत, हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो.

हाफ इंजिनाला दादांनी नकार दिला आणि पंपाचंच काम करत आयुष्य काढलेल्या एका वयस्क मिस्त्रींना गाठलं. (पंप बनवणारी मायको कंपनी 2008 मध्ये बॉश झाली, पण हे मिस्त्री अजून मायको पंपच म्हणतात.) त्यांनी पाना हातात घेतलाच नाही. घाटात नेमकं काय झालं ते सगळं विचारून घेतलं आणि स्वच्छ डिझेलचा एक कॅन मागवला. कॅन फीड पंपापेक्षा उंच, सायलेन्सरपासून लांब पक्का बांधला. टाकीकडून येणारा पाइप सोडवून कॅनमधून नवा पाइप थेट फीड पंपाला जोडला, रिटर्नही कॅनमध्येच सोडला. गाडी भरलेलीच होती. दौलताबादच्या बाजूला चढावर काढली आणि ती पूर्वीसारखी ओढू लागली! म्हणजे पंप, नोझल, टर्बो, पिस्टन यांपैकी कशातच मूळ दोष नव्हता. दोष टाकी आणि फीड पंप यांच्या मधल्या रबरी पाइपात होता.

पाइप वरून ठणठणीत, कुठे चीर नाही, थेंब नाही. मिस्त्रींनी ब्लेडने तो उभा चिरला. आतल्या रबराचा थर सुटून जिभेसारखा लोंबत होता. इंजिन जास्त डिझेल मागायचं तेव्हा ओढ वाढायची, ती जीभ आडवी येऊन वाट बंद करायची. गाडी थांबली की ओढ कमी होऊन वाट मोकळी. उभ्या गाडीत रेस देऊन हे कधीच कळलं नसतं. तो कापलेला तुकडा दादांनी गॅरेजवाल्यापुढे ठेवला, तर तो म्हणाला, "पाइप तर आम्ही बघितला होता." बघितला होता, वरून!

म्हणून जुन्या डिझेल गाडीवाल्यांना सांगणं आहे: आधी धूर बघा. काळा धूर आणि ओढ नाही, तर हवा कमी पडते आहे किंवा डिझेल जास्त जातं आहे. एअर क्लीनर, टर्बोपासून मॅनिफोल्डपर्यंतचे होज, क्लॅम्प तपासा. गरम इंजिनाला पांढरा धूर असेल तर टायमिंग, नोझल, कॉम्प्रेशन. धूरच नसेल, तर बहुधा डिझेल पुरेसं पोचत नाही. टाकीची जाळी, झाकणाचं हवेचं भोक, फिल्टर, बँजो बोल्टचे वायसर, पंपाचा ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह या क्रमाने जा. टाकी ते फीड पंप ही बाजू ओढीची आहे. तिथे फट असली तर चालत्या इंजिनात डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत शिरते. कोरडा पाइप म्हणजे चांगला पाइप, हे डोक्यातून काढा.

पॅडल पूर्ण दाबल्यावर पंपाचा लिव्हर शेवटपर्यंत जातो का, हे केबिनमध्ये एकाला बसवून बघायला खर्च शून्य. एक्झॉस्ट ब्रेकची झडप अर्धवट अडकली आहे का, चाकांचे हब गरम होतात का, क्लच सरकतो का, हेही तपासा. टॅपेट थंड इंजिनावर लावा: सिक्स बीटीला इनलेट 0.25 मिलिमीटर, एक्झॉस्ट 0.51.

बिल लेखी घ्या, काढलेले पार्ट मागून घ्या, माणूस बघून काम द्या. आणि बेंचवर मोजल्याशिवाय पंपाचं सील कोणालाही तोडू देऊ नका. आमच्या गाडीचं ते तोडलं होतं. ओढ येत नाही म्हणून गॅरेजवाल्याने डिझेल वाढवून ठेवलं होतं. नवा पाइप बसला तशी गाडी काळा धूर ओकू लागली, कारण आता ते वाढीव डिझेल खरोखर पोचत होतं. तसंच चालवलं असतं तर पिस्टन आणि नवा टर्बो, दोन्ही गरम होऊन गेले असते. पंप पुन्हा उतरवून बेंचवर लावावा लागला आणि ते पैसेही दादांनाच भरावे लागले. गॅरेजवाल्याने एक रुपया परत केला नाही.