गाडी मरते ती एस्टिमेटवर

वसईच्या चिंचोटी नाक्याजवळ हायवेच्या कडेला माझं गॅरेज आहे. कामणमार्गे भिवंडीच्या गोदामांकडे वळणारे कंटेनर, टेम्पो आणि वालीवच्या कंपन्यांच्या गाड्या यांच्यावर आमचं पोट चालतं. पण हौसेपोटी मी पहिल्यापासून वेगाच्या गाड्या घेत आलोय, दुरुस्तीला. स्पोर्ट्‌स कार म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे फेरारी येते. तसल्या गाड्या रविवारी पहाटे मुंबईहून सुटतात आणि आमच्यासमोरून आवाज करत मनोरकडे निघून जातात. इथं थांबल्या तर फार तर टायरची हवा बघायला. मी हात काळे केले ते आपल्याच राज्यात तयार झालेल्या गाड्यांवर: कुर्ल्याच्या कारखान्यातली पालिओ 1.6, 2004 साली औरंगाबादेत जुळणी सुरू झालेली ऑक्टाव्हिया आरएस, चाकणची पोलो जीटी टीएसआय, रांजणगावची पुन्टो अबार्थ. अस्सल शौकीन यांना स्पोर्ट्‌स कार म्हणायला तयार होणार नाहीत. नसू देत. दहा लाखांच्या आतबाहेर ज्यांना वेग हवा होता त्यांनी याच घेतल्या, आणि दोन लाख किलोमीटरनंतर त्यांचं काय होतं हे मला बघायला मिळालं. त्यातून जे कळलं ते हे.

1. किलोमीटरच्या आकड्याला घाबरू नका.
अमेरिकेत लाँग आयलंडला अर्व गॉर्डन नावाचे विज्ञानाचे शिक्षक होते. त्यांनी 1966 मध्ये व्होल्वोची पी1800 ही दोन दारांची स्पोर्ट्‌स कूपे घेतली आणि 2013 मध्ये तिच्यावर 30 लाख मैल पूर्ण केले, म्हणजे 48 लाख किलोमीटर. शाळेत जायला-यायलाच रोज लांबचा पल्ला होता, ऑइल वेळच्या वेळी बदललं जायचं, आणि गाडी शेवटपर्यंत एकाच हातात राहिली. यातली रोजच्या लांब पल्ल्याची गोष्ट लोक विसरतात. वसईहून वापीला रोज जाणाऱ्या गाडीचं इंजिन एकदा तापलं की तासभर एकाच तापमानावर चालतं. 145 अश्वशक्तीच्या अबार्थला शंभरच्या वेगात घामसुद्धा फुटत नाही. उलट एव्हरशाइन सिटी ते वसई स्टेशन एवढंच जाणारी गाडी कधी पुरती तापतच नाही. जळायचं राहिलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं, ओल आतच राहते, आणि 30,000 किलोमीटरवरच्या इंजिनात झाकण उघडल्यावर कॉफीच्या रंगाचा साका दिसतो.

2. ऑइल किलोमीटरवर बदला, नाहीतर वर्षावर. जे आधी येईल त्यावर.
यावर वाद घालणाऱ्या गिऱ्हाइकांशी मी वाद घालत नाही.

3. उभी करून जपाल तर लवकर घालवाल.
पावसाळ्यात चार महिने कव्हर घालून ठेवायची पद्धत आहे. शर्यतीचा बैल चार महिने दावणीला बांधून ठेवावा तसंच ते. ब्रेकचे कॅलिपर पिन अडकतात, डिस्कवर गंजाचा पट्टा उठतो, बॅटरी बसते. सध्याच्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल आहे आणि ते हवेतली ओल ओढून घेतं; अर्ध्या भरलेल्या टाकीत चार महिने ठेवायची ती वस्तू नाही. 2023 च्या आधीच्या गाड्यांचे पेट्रोल पाइप आणि सील त्या प्रमाणासाठी बनवलेले सहसा नसतात, तेव्हा दर सर्व्हिसिंगला पाइपाला बोट लावून बघायचं, वास घ्यायचा. आणि उंदीर! तुंगारेश्वरचं जंगल इथून जवळ. पाऊस लागला की उंदीर कोरडी, उबदार जागा शोधतात. ती त्यांना बॉनेटखाली मिळते. तंबाखूच्या पुड्या, डांबराच्या गोळ्या, सगळं करून झालं. चालणाऱ्या गाडीत उंदीर राहत नाही, एवढंच मला पटलंय. आठवड्यातून एकदा मनोरपर्यंत जाऊन या.

4. खारी हवा आधी अर्थिंग खाते.
नायगाव-जूचंद्रची मिठागरं आणि खाडी आम्हाला किती जवळ आहेत हे पत्र्यावरून कळतं. पण पत्र्याचा गंज निदान दिसतो तरी. एक काळी टर्बो हॅचबॅक टो करून आणली होती. डॅशबोर्डवर एबीएस, एअरबॅग, स्टिअरिंग, इंजिन, सगळे दिवे एकदम लागलेले. दुसरीकडे कुठेतरी स्कॅनर लावून मालकाला मोठं मॉड्यूल बदलायला सांगितलं होतं, आणि आकडा गाडीच्या किमतीच्या निम्म्याला टेकत होता. आमच्या पोऱ्याने बॅटरी काढली, खालचा ट्रे उचलला. चेसिसला जाणारी अर्थिंगची जाड वायर जिथे बोल्टने बसते, तिथे पांढरी-हिरवी पूड साचली होती. बोल्ट दहाच्या पान्याने सुटला तो डोकं अर्धं झडूनच. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, नवा लग, नवा बोल्ट, वर ग्रीसचा थर. दिवे गेले. मालक म्हणाले, "मास्तर, एवढंच?" म्हटलं, "दादा, एवढंच. पण आधी हे बघायला लागतं."
स्कॅनर खोटं बोलत नाही, पण वीजच धड पोहोचत नसेल तर बिचारा सगळ्यांवर आळ घेतो.

5. लोखंडाच्या आधी प्लॅस्टिक आणि रबर जातं.
या इंजिनांचा ब्लॉक सहसा काही मागत नाही. थर्मोस्टॅटचं प्लॅस्टिकचं घर, वॉटर पंप, होज पाइप, इंजिन माउंटिंग, टायमिंग बेल्ट यांना मात्र वय असतं, किलोमीटर असोत वा नसोत. बेल्ट तुटला तर बहुतेक अशा इंजिनांत पिस्टन वॉल्व्हला भिडतो आणि वॉल्व्ह वाकतात. ऑक्टाव्हिया आरएसला दर सिलिंडरला पाच, म्हणजे एकूण वीस. मोजायला चार सिलिंडर, पण वॉल्व्ह किती ते हेड उतरवल्यावर कळतं. कूलंटच्या जागी बोअरचं पाणी ओतणाऱ्यांना तर मी हातच जोडतो. आमच्याकडचं पाणी जड आणि खारट, रेडिएटरच्या बारीक नळ्यांत थर धरतं. मग घोडबंदरपासून चिंचोटीपर्यंत गाड्यांची रांग लागली की काटा वर चढतो, प्लॅस्टिकला चीर जाते आणि हेड गॅस्केट उडतं. वेगाच्या गाडीला वेग मारत नाही, तुंबलेला हायवे मारतो.

6. टर्बोला एक मिनिट द्या.
टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून जास्त फेरे फिरतो आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. जोरात येऊन टोलजवळच्या हॉटेलात खटकन चावी बंद केली की ऑइल थांबतं, गरमी थांबत नाही, आणि तेच ऑइल जळून बेअरिंगला चिकटतं. शेवटचे एक-दोन किलोमीटर शांतपणे चालवलं तरी पुरे.

7. रिमॅप करणाऱ्याने गिअरबॉक्सचं कागदपत्र वाचावं.
पोलो जीटी टीएसआयच्या सात गिअरच्या, कोरड्या क्लचच्या गिअरबॉक्सची मर्यादा 250 न्यूटन मीटर. कंपनीने इंजिनाला 175 दिलेत. मधली जागा कंपनी विसरली म्हणून राहिलेली नाही. ती उन्हासाठी, ट्रॅफिकमध्ये इंच इंच सरकण्यासाठी ठेवलेली असते. लॅपटॉप जोडून ती जागा कुणी खाऊन टाकली, की क्लच प्लेटचं आयुष्य त्यातूनच वजा होतं. करूच नका असं मी म्हणत नाही. तरुण पोरं ऐकणारही नाहीत. पण क्लचचे पैसे बाजूला काढून मग करा.

8. चेंबर वाचवा.
2024 मध्ये हायवेवर काँक्रीटचा थर टाकायचं काम चालू होतं, तेव्हा जुन्या आणि नव्या लेनमधला फरक वीतभर असायचा. अंधारात खाली बसलेली गाडी तिथून उतरली की ऑइल चेंबर फुटलाच. कामण-भिवंडी रस्त्याचं पावसाळ्यात काय होतं ते इथल्यांना सांगायला नको. लोअर आर्मचे बुश, लिंक रॉड हे इथं सर्व्हिसिंगचंच सामान समजा. चेंबरला धक्का बसला आणि ऑइलचा लाल दिवा लागला तर तिथल्या तिथे इंजिन बंद करायचं. "नाक्यापर्यंत तर आणली" असं सांगणाऱ्यांची इंजिनं मी बांधलीत.

9. तिसऱ्या मालकाच्या दारात गाडी मरते.
इतकी वर्षं बघून माझं हे पक्कं मत झालंय. नवी असताना गाडी दहा-पंधरा लाखांची. पहिला मालक कंपनीत सर्व्हिसिंग करतो. दुसरा ओळखीच्या मेकॅनिककडे येतो, पण करतो. तिसऱ्याला ती दोन-तीन लाखांत मिळते, साध्या हॅचबॅकच्या भावात, आणि त्याचा हिशोबही त्याच भावाचा असतो. पण पार्टची किंमत गाडीबरोबर उतरत नाही. टर्बो, गिअरबॉक्सचं कंट्रोल युनिट, इंजेक्टर पंधरा लाखांच्याच गाडीचे असतात. मग बेल्ट पुढच्या दिवाळीला, शॉक ॲब्सॉर्बर बघू नंतर, असं करत एक दिवस एस्टिमेट गाडीच्या किमतीवर जातं. इंजिन शाबूत असतं, गिअरबॉक्स शाबूत असतो, आणि गाडी कोपऱ्यात कायमची उभी राहते. म्हणून घ्यायला येणाऱ्याला मी सांगतो: किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे पैसे पहिल्या वर्षासाठी वेगळे ठेवा. जमत नसेल तर त्या किमतीत चांगली साधी गाडी येते, ती घ्या.
पार्ट मिळण्याचं वेगळंच. पालिओचा कारखाना कुर्ल्यातून गेला, पण सामान अजूनही कुर्ल्याच्याच सीएसटी रोडवर शोधायला जावं लागतं, आणि सेकंडचा माल ओळखणारी नजर लागते. बंगळुरूच्या सॅन मोटर्सची 1998 ची सॅन स्टॉर्म आठवते का कुणाला? दोन सीटची, उघड्या टपाची, रेनोचं 1149 सीसी इंजिन. बॉडी फायबरची, म्हणजे आमच्या खाऱ्या हवेला पुरून उरणारी. इंजिनाचं जमवता येईल, पण दाराची काच फुटली तर ती कोण देणार?

10. मीटरपेक्षा पेडल बघा.
मीटर मागे नेता येतो. ब्रेक पेडलचं झिजलेलं रबर, स्टिअरिंगचं गुळगुळीत चामडं, ड्रायव्हर सीटची बसलेली कड मागे नेता येत नाही. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. नऊ वर्षांच्या, "फक्त वीस हजार चाललेल्या" गाडीचे चारही टायर दोन वर्षांपूर्वीचे दिसले तर आधीचे कुठे झिजले ते विचारा. सर्व्हिसिंगची बिलं असलेली दीड लाखाची गाडी मला बिलं नसलेल्या चाळीस हजाराच्या गाडीपेक्षा नेहमीच जास्त आवडते.

11. पंधरा वर्षांचा खर्च आधी धरा.
2022 पासून पंधरा वर्षांच्या खाजगी कारच्या पुन्हा नोंदणीची फी 5,000 रुपये झाली, बाहेरून आयात केलेल्या गाडीला 40,000. 2025 मध्ये वीस वर्षांपुढच्या गाड्यांसाठी हेच आकडे 10,000 आणि 80,000 केले. वर ग्रीन टॅक्स वेगळा, आणि नोंदणी मिळते ती पाच वर्षांची. तेव्हा आरटीओत न्यायच्या आधी गाडी आमच्याकडे आणा. हॅन्डब्रेक, हेडलाइट, धूर हे तर बघूच, पण चेसिस नंबर कोरलेला असतो ती जागा खास बघायची. तिथे नंबराचा पेन्सिलने छाप घेतात, आणि किनारपट्टीच्या गाड्यांचा नंबर बऱ्याचदा गंजाखाली गेलेला असतो. तो तारेच्या ब्रशने नाही, गंज काढायचं पाणी लावून कापडानेच हळूहळू साफ करायचा. ब्रशने एखादा आकडा पुसट झाला तर पुढची कागदपत्रं निस्तरताना इंजिन बांधणं परवडलं असं वाटेल.