आइसलंडने घरातले तेल हटवले, मग होडीतले का नाही?

मागच्या अभ्यासवर्गात एका ट्रॉलरमालकाने विचारलेला प्रश्न अजून आमच्या डोक्यात आहे. बंदीच्या महिन्यात एक विक्रेता जेटीवर बॅटरीचे आउटबोर्ड दाखवून गेला. “तेलाचे दिवस संपले, परदेशी तेलावर कशाला अवलंबून राहता,” असे बरेच काही बोलला. तो गेल्यावर मालक म्हणाले, “बोलायला सोपे आहे. कुठल्या देशाने हे खरोखर करून दाखवलेय का? आणि तिथल्या मासेमारांचे काय झाले?”

प्रश्न रास्त आहे. आपल्या देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलातले १०० पैकी ८५ पेक्षा जास्त भाग बाहेरून येतात. आखातात कुठे ठिणगी पडली की आपल्या फेरीचा हिशेब बिघडतो. म्हणून आज ज्या देशाची गोष्ट सांगतोय तोही मासेमारांचाच देश आहे : आइसलंड.

उत्तर अटलांटिकमधले हे बेट. वस्ती चार लाखांच्या आत, म्हणजे आपल्या गोव्याच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास. ना कोळशाची खाण, ना तेलाची विहीर. थंडी मात्र हाडे गोठवणारी, त्यामुळे घर तापवणे ही तिथे चैन नाही, ती जेवणासारखी गरज. १९७० च्या दशकात देशाच्या मालाच्या निर्यातीतला जवळजवळ पाऊण वाटा माशांचा होता. आणि तेल? तेही माशांच्याच बदल्यात येई! १९५२ मध्ये आइसलंडने आपली मासेमारीची हद्द ४ मैलांपर्यंत वाढवली, तेव्हा ब्रिटनच्या बंदरांनी त्यांचे मासे उतरवून घेणे बंद केले. मग १९५३ मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला : तुम्ही आमचे मासे घ्या, आम्हाला तेल द्या. कॉड देऊन डिझेल आणायचे. रापणकाराने नुस्ते देऊन तांदूळ आणावा तसाच हा व्यवहार.

१९७३ च्या शेवटी तेलाचा भडका उडाला. पिंपामागे ३ डॉलरच्या आसपास असलेला भाव काही महिन्यांत ११-१२ डॉलरवर गेला. तेव्हा आइसलंडमधल्या जवळपास निम्म्या लोकांची घरे तेलावर तापत होती. बोटींना तेल, घराला तेल, आणि दोन्हींचा भाव चौपट. माशांचा भाव काही चौपट झाला नाही.

पण हा देश अगदीच कोऱ्या पाटीवर नव्हता, आणि इथेच खरी शिकण्यासारखी गोष्ट आहे. आइसलंडच्या जमिनीखाली आग आहे. पृथ्वीच्या पाठीवरचे दोन प्रचंड तुकडे तिथे एकमेकांपासून सरकत आहेत, त्यामुळे तप्त खडक वरच्या अंगाला आलेला. पावसाचे पाणी भेगांतून खाली झिरपते आणि तापून वर येते. राजधानी रेक्याविकजवळ असे गरम झरे होते आणि शहरातल्या बायका धुणे घेऊन दोन-तीन किलोमीटर चालत तिथे जात. त्या वाटेचे नावच झऱ्याची वाट असे पडले. ती आज शहरातली मुख्य बाजारपेठेची गल्ली आहे.

१९३० मध्ये याच धुण्याच्या झऱ्यांपासून सुमारे ३ किलोमीटरची नळी टाकून गरम पाणी शहरात आणले. पहिल्यांदा शाळा, इस्पितळ, पोहण्याचा तलाव आणि साठेक घरे. बस, एवढेच. १९४३ पासून १८ किलोमीटरवरच्या दुसऱ्या झऱ्यांचे पाणी आले आणि दोनेक वर्षांत २,८०० हून अधिक घरे जोडली गेली. नंतर १९९० मध्ये तर २७ किलोमीटरवरून पाणी आणले आणि एवढा प्रवास करूनही ते जेमतेम दोन अंशांनी थंड होते. आपण बर्फ टिकवायला पेटीला जाड आवरण देतो, तसेच त्यांनी उष्णता टिकवायला नळीला दिले. तत्त्व तेच, काम उलटे.

म्हणजे १९७३ चे संकट आले तेव्हा चाळीस वर्षांचा अनुभव गाठीशी होता. संकटाने फक्त घाई करायला लावली. सुरुवातीला सरकारने तेलावर घर तापवणाऱ्यांना अनुदान दिले. आपल्याकडे डिझेलवर सवलत मिळते, तसेच समजा. पण अनुदानाने तेल कमी लागत नाही, फक्त बिल दुसऱ्याच्या खिशातून जाते. म्हणून जोर दुसरीकडे दिला : गावोगाव जमिनीत भोके पाडून गरम पाणी शोधणे.

भोक पाडणे हा जुगार असतो, हे विहीर खोदलेल्या कुणालाही सांगायला नको. लाखो रुपये खर्चून कोरडे लागले तर? लहानशा मासेमारी गावाच्या पंचायतीने हा धोका कसा पत्करावा? १९६७ पासून तिथे एक राष्ट्रीय ऊर्जा निधी होता. तो ड्रिलिंगसाठी कर्ज देई. पाणी लागले तर गावाने कर्ज फेडायचे. नाही लागले तर कर्जाचे अनुदान व्हायचे, म्हणजे फेडायला नको. आमच्या मते या साऱ्या गोष्टीतले सर्वांत महत्त्वाचे कलम हेच. अपयशाचा बोजा सगळ्या देशाने वाटून घेतला, एका गावाच्या गळ्यात टाकला नाही. यंत्रांचे कौतुक सगळे करतात, या कलमाचे कुणी करत नाही.

दहा-बारा वर्षांत घरातले तेल जवळजवळ गेले. आज १०० पैकी सुमारे ९० घरे भूगर्भातल्या गरम पाण्यावर तापतात, उरलेली बहुतेक विजेवर. आणि वीज? सुमारे ७० टक्के नद्यांच्या पाण्यावर, ३० टक्के जमिनीतल्या वाफेवर.

सगळे गोड झाले असे मात्र समजू नका. क्राफ्ला नावाच्या ठिकाणी १९७४ मध्ये वाफेचा वीजप्रकल्प सुरू केला आणि १९७५ मध्ये शेजारीच ज्वालामुखी जागा झाला. नऊ वर्षे अधूनमधून उद्रेक चालू होते. खालच्या विषारी वायूंनी बोअरवेलच्या नळ्या कुरतडल्या. दोन टर्बाइन बसवायचे ठरले होते, त्यातले दुसरे वीस-एक वर्षांनी चालू झाले. देशभर शिव्या खाल्ल्या त्या प्रकल्पाने.

आता हेमाय बेटाची हकिकत, कारण ती आपल्या जिव्हाळ्याची आहे. हे मासेमारांचे बंदर. २३ जानेवारी १९७३ च्या मध्यरात्रीनंतर गावाच्या कडेला जमीन फाटून लाव्हा उसळला. आदल्या दिवशी वादळ होते म्हणून सगळ्या बोटी बंदरात नांगरलेल्या. त्याच बोटींनी पाच हजारांवर माणसे त्या रात्रीच मुख्य बेटावर पोचवली. लाव्हा सरकत बंदराच्या तोंडापर्यंत आला. बंदर बुजले असते तर गाव कायमचे संपले असते. मग लोकांनी पंप लावून महिनोन्महिने समुद्राचे पाणी लाव्ह्यावर ओतले आणि त्याला थिजवला. सुमारे ४०० घरे गेली, बंदर वाचले. आणि पुढे? गावात परतलेल्या लोकांनी त्याच लाव्ह्याच्या पोटातली धग नळ्यांनी घरांत आणली. दहा-पंधरा वर्षे, लाव्हा निवेपर्यंत, गाव त्यावर तापत होते. ज्याने घरे गिळली त्याच्याकडूनच सरपण वसूल केले म्हणायचे.

बरे, मग होड्या?

इथे गोष्ट थांबते. आइसलंडच्या मासेमारी बोटी आजही परदेशी तेलावरच चालतात. प्रयत्न झाले नाहीत असे नाही. तिथल्या विद्यापीठातले प्राध्यापक ब्रागी आर्नासन अनेक वर्षे सांगत होते की आपल्या स्वस्त विजेने पाण्यापासून हायड्रोजन काढू आणि बस, मोटारी, मासेमारी ताफा सगळे त्यावर चालवू. १९९९ मध्ये त्यासाठी कंपनी निघाली, २००३ मध्ये रेक्याविकला हायड्रोजनचा पंप उघडला, तीन बस काही वर्षे धावल्या. २००८ मध्ये पर्यटकांना देवमासे दाखवणाऱ्या एका बोटीवर हायड्रोजनचे छोटे यंत्र बसवले, तेही बोटीवरच्या विजेपुरते, पंखा फिरवायला नव्हे. त्याच वर्षी देशातल्या बँका बुडाल्या आणि बेत मागे पडला.

पण पैसा हे एकच कारण नव्हे. हिशेब करून पाहा. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे १० युनिट ऊर्जा असते. इंजिन त्यातली तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास पंख्यापर्यंत पोचवते, बाकी उष्णता होऊन जाते. म्हणजे १०० लिटर डिझेलचे कामाचे ३५० युनिट धरा. बॅटरीत पेटी-बिटी धरून किलोमागे ०.१५ युनिटच्या आसपास मावते. तेवढ्याच कामाला सव्वादोन टनांहून जास्त बॅटरी लागेल. १०० लिटर डिझेलचे वजन ८५ किलोही नाही. चार-पाच दिवस समुद्रात राहणाऱ्या ट्रॉलरचे डिझेल मोजा आणि मग सांगा, मासे कुठे ठेवायचे? हायड्रोजन हलका खरा, पण ३५० पट दाबाने भरला तरी त्याच ऊर्जेसाठी टाकी दहापटीहून मोठी लागते.

घर जागचे हलत नाही, म्हणून त्याला नळी जोडता येते, तार जोडता येते. होडीला तिची ऊर्जा पोटात घेऊनच जावे लागते. आइसलंडने आधी जे जागचे हलत नाही त्यातले तेल काढले. घरे, कारखाने, मासळीच्या भुकटीच्या गिरण्यासुद्धा विजेवर आणल्या. (धरणात पाणी कमी पडले त्या हिवाळ्यांत या गिरण्यांना पुन्हा तेल जाळावे लागले, हेही सांगितले पाहिजे.) होडी शेवटी ठेवली. यात आळस नाही, क्रम आहे.

कुणी विचारेल, कोकणातही राजवाडी, तुरळ, उन्हवरे इथे गरम पाण्याची कुंडे आहेत, मग आपणही का नाही? ते पाणी साधारण ७० अंशांपर्यंतचे. अंघोळीला उत्तम, मासळी सुकवायलाही वापरता येईल, पण मोठी वीज काढायला आइसलंडमध्ये २०० अंशांच्या वरची वाफ असते. शिवाय आपल्याला घर तापवायचेच नाही.

आपले “घर” वेगळे आहे. आपली वीज तेलावर होतच नाही म्हटले तरी चालेल. बर्फाच्या कारखान्यात परदेशी तेल शिरते ते वीज गेल्यावर, जनरेटरमधून. चुलीवरच्या गॅसचा निम्म्याहून जास्त भाग बाहेरून येतो. जेटीवरून बाजारात मासळी नेणारा टेम्पो डिझेल पितो, आणि तो रोज ठरलेल्या वाटेने जाऊन संध्याकाळी दारात उभा राहतो. बॅटरीला याहून सोयीचे गिऱ्हाईक नाही. नदीत जाळे टाकणाऱ्या होड्यांचा हिशेबही ट्रॉलरसारखा नाही. दिवसाला १० लिटर पेट्रोल जाळणाऱ्या आउटबोर्डचे कामाचे युनिट जेमतेम २० भरतात, त्याला दीडशे किलोच्या आसपास बॅटरी पुरेल. दोन माणसांचे वजन. मांडवी-झुआरीच्या आत, सकाळी जाऊन दुपारी परतणाऱ्याला हे जमण्यासारखे आहे. बाहेर खोल समुद्रात जाणाऱ्याला नाही, आज तरी नाही. नॉर्वेने २०१५ मध्ये ११ मीटरची ‘कारोलिने’ ही बॅटरीची मासेमारी होडी काढली, तिच्यातही डिझेलचे इंजिन जोडीला ठेवलेच.

एक गोष्ट मात्र आपल्या होडीत आधीच येऊन पोचली आहे. तेलाची आयात कमी करायला आपल्या देशाने पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायला घेतले : २०२२ मध्ये १० टक्क्यांवर पोचलो, आता २० टक्के. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते, आणि पाणी जास्त झाले की ते पेट्रोलपासून सुटून टाकीच्या तळाशी बसते. समुद्रावर ओलाव्याला काय तोटा! बंदीचे दोन महिने अर्धी भरलेली टाकी तशीच ठेवू नका. रिकामी तरी करा नाहीतर झाकण घट्ट लावून पूर्ण भरून ठेवा. पाणी वेगळे करणारा फिल्टर बसवा आणि जुने रबरी होज तपासून घ्या. हंगामाच्या पहिल्याच दिवशी मशीन का पेटत नाही म्हणून मेकॅनिकच्या मागे फिरणाऱ्यांपैकी निम्म्यांची भानगड इथेच असावी, असा आमचा अंदाज.

आणि त्या बॅटरीवाल्या विक्रेत्याला काय सांगायचे? आम्ही त्याला तीन गोष्टी विचारल्या होत्या. खाऱ्या पाण्यात बॅटरीची हमी किती वर्षांची, जेटीवर चार्जिंगची सोय कोण करणार, आणि जमले नाही तर कर्जाचे हप्ते कोण भरणार. पहिल्या दोन प्रश्नांना त्याने काहीतरी उत्तर दिले. तिसऱ्याला हसला. आइसलंडमध्ये त्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर १९६७ पासून कागदावर लिहिलेले होते. होडीसाठी नवी योजना कुणीही आणली तरी आपल्या सोसायटीने आधी तेच कलम शोधायचे असे आम्ही ठरवले आहे.

पुढच्या वर्गाला येताना गेल्या हंगामाच्या डिझेल-पेट्रोलच्या पावत्या घेऊन या. नदीतल्या होड्यांचा, टेम्पोंचा आणि बर्फाच्या कारखान्यातल्या जनरेटरचा हिशेब वेगवेगळा मांडून बघू. ज्यांच्याकडे पावत्या नाहीत त्यांनी निदान दर फेरीचे लिटर वहीत लिहायला आजपासून सुरुवात करा.