सदाफुलीचा रस प्यावा का?

प्रश्न : अमक्या वनस्पतीच्या अर्काने जंतू मेले, तमक्या पानांनी कॅन्सरच्या पेशी मारल्या, अशा बातम्या नेहमी वाचतो. सदाफुलीपासून तर कॅन्सरचे औषधच बनते म्हणे. ती आमच्या कुंडीत आहे. रोज चार पानांचा रस घेतला तर काय बिघडले?

उत्तर : तुम्ही वाचलेत ते खरे आहे. रस मात्र घेऊ नका.

आधी बातमीतल्या जंतूंचे पाहू. पेट्री डिशमध्ये जंतू पसरवतात आणि त्यावर अर्कात भिजवलेली कागदाची चकती ठेवतात. दुसऱ्या दिवशी चकतीभोवती स्वच्छ कडे दिसले, तर तिथे जंतू वाढू शकले नाहीत. पण अर्क बऱ्याचदा मिथेनॉलमध्ये काढलेला असतो आणि मिथेनॉल स्वतःही जंतूंना मारक असते. म्हणून नुसत्या मिथेनॉलची चकतीही शेजारी ठेवावी लागते. शिवाय चकतीवर अर्क जितका दाट असतो, तितका तो आपल्या रक्तात पोचेलच असे नाही. हळदीतले कर्क्युमिन आतड्यातून फारसे शोषलेच जात नाही. जे शोषले जाते तेही शरीर झपाट्याने मोडून टाकते.

कॅन्सरच्या पेशींचेही तेच. डिशमध्ये त्या ब्लीचनेही मरतात. निरोगी पेशी वाचवून त्यांना मारता येते का, हा खरा प्रश्न.

सदाफुली त्या परीक्षेतून कशी पार पडली, ते पाहण्याजोगे आहे. जमैकात मधुमेहावर तिच्या पानांचा काढा घेत. १९५०च्या दशकात ती पाने कॅनडात रॉबर्ट नोबल यांच्याकडे आली. उंदरांची साखर काही उतरली नाही, पण त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकदम घटल्या. ल्युकेमियात याच पेशी बेसुमार वाढतात, म्हणून नोबल आणि चार्ल्स बिअर यांनी त्यामागचे द्रव्य शोधले. ते व्हिनब्लास्टिन. पुढे त्याच झाडातून व्हिन्क्रिस्टिन मिळाले. पेशी दुभंगताना आत जे सूक्ष्म धागे विणले जातात, ते ही द्रव्ये विणूच देत नाहीत. लहान मुलांच्या ल्युकेमियात व्हिन्क्रिस्टिन आजही वापरतात, आणि त्याने किती मुले वाचली हे आठवले की मला या झाडाबद्दल फार आदर वाटतो.

पण ग्रॅमभर व्हिन्क्रिस्टिनसाठी शेकडो किलो वाळलेली पाने लागतात, आणि मोठ्या माणसालाही एका वेळी सहसा २ मिलिग्रॅमपेक्षा जास्त देत नाहीत. तेही फक्त शिरेतून. एवढ्यानेही हातापायांना मुंग्या येतात, बोटे बधिर होतात. तुमच्या चार पानांत ते औषध नगण्य असेल. पण या झाडात शंभराहून जास्त अल्कलॉइड असतात, आणि कुठले किती पोटात गेले हे कोणालाच सांगता येणार नाही. झाडपाल्याने अपाय होत नाही, हा समज इथे टिकत नाही.

आपल्या सह्याद्रीतला नरक्या असाच. त्यातले कॅम्प्टोथेसिन आहे तसे देणे घातक ठरले. रेणूत फेरफार केल्यावर टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही औषधे तयार झाली. त्या मागणीपायी नरक्याची बेसुमार तोड झाली, याचे वाईट वाटते.

घरात कोणाची केमोथेरपी चालू असेल आणि सोबत एखादा काढा किंवा रस घेतला जात असेल, तर त्याचे नाव आणि प्रमाण डॉक्टरांना जरूर सांगा. व्हिन्क्रिस्टिनचा निचरा यकृत करते. काढ्यातल्या एखाद्या द्रव्याने त्या कामात अडथळा आणला, तर औषध अंगात साठते आणि बोटांचा बधिरपणा वाढतो.