आठाच्या ठोक्याला फोन करूनही नंबर का लागत नाही?

प्रश्न : माझी मुलगी इंग्लंडमध्ये लेस्टरला असते. नातवाचा कान दुखत होता म्हणून ती सकाळी आठपासून डॉक्टरांकडे फोन लावत बसली. फोन लागला तोवर त्या दिवसाच्या सगळ्या वेळा संपल्या होत्या. “उद्या आठला पुन्हा करा,” एवढंच उत्तर मिळालं. आमच्या साताऱ्यात तासभर बसावं लागतं, पण डॉक्टर न तपासता परत पाठवत नाहीत. एवढ्या श्रीमंत देशात असं का? येत्या उन्हाळ्यात आम्ही दोघं तिकडे जाणार आहोत, तेव्हा आजारी पडलो तर काय करायचं?

उत्तर : साताऱ्यातल्या तुमच्या डॉक्टरांना दर पेशंटमागे फी मिळते. रात्री नऊला आलेला पेशंटही त्यांच्या मिळकतीत भर घालतो, म्हणून दवाखाना उशिरापर्यंत उघडा असतो. इंग्लंडमधल्या फॅमिली डॉक्टरचा, म्हणजे जीपीचा, हिशेबच निराळा. तिथली राष्ट्रीय आरोग्यसेवा, एनएचएस, ५ जुलै १९४८ रोजी सुरू झाली, तेव्हा जीपींनी सरकारी पगारी नोकर व्हायला ठाम नकार दिला. आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हन यांनी त्यांना स्वतंत्र व्यावसायिक राहू दिलं आणि त्यांच्याशी करार केला. ती पद्धत अजून टिकून आहे. यादीत नाव असलेल्या प्रत्येकामागे दवाखान्याला वर्षाची रक्कम मिळते. वय, आजारपण पाहून ती थोडी कमीजास्त होते, पण माणूस एकदा आला काय नि वीसदा आला काय, तेवढ्यावरून ती बदलत नाही. पेशंटला तर तपासणीचा एक पैसाही पडत नाही. खिसा पाहून कुणाला दारातून परतवायचं नाही, ही या व्यवस्थेची मला वाटणारी सर्वांत मोठी थोरवी. मात्र त्यामुळे मोजूनमापून वाटायला डॉक्टरचा वेळ तेवढा उरतो.

आणि तो अपुरा आहे. इंग्लंडमध्ये पूर्ण वेळेच्या हिशेबाने एका जीपीमागे सुमारे २,२०० लोक येतात. एका भेटीला साधारण १० मिनिटं. शिवाय अंगावर चट्टा उठला की आपण सरळ त्वचारोगतज्ज्ञ गाठतो. तिथे बहुतेक तज्ज्ञांकडे जायला आधी जीपीची चिठ्ठी लागते. लहानमोठं सगळं दुखणं एकाच दारातून जातं.

आता आठाची गोष्ट. करारानुसार दवाखाने सोमवार ते शुक्रवार सकाळी ८ ते संध्याकाळी ६.३० चालतात, म्हणून फोनही आठलाच सुरू होतात. पण सगळ्यांनी एकाच वेळी तुटून पडायची सवय पक्की झाली ती एका चांगल्या हेतूच्या उद्दिष्टामुळे. टोनी ब्लेअर यांच्या सरकारने २००० मध्ये ठरवलं की २००४ पर्यंत प्रत्येकाला ४८ तासांच्या आत जीपी भेटला पाहिजे. अनेक दवाखान्यांनी त्यावर सोपी वाट काढली : पुढच्या आठवड्याच्या वेळा देणंच बंद केलं. ज्याला डॉक्टर हवा त्याने त्याच दिवशी फोन करायचा, लागला तर ठीक. कागदावर ४८ तास पाळले गेले. २००५ च्या निवडणुकीच्या धामधुमीत बीबीसीच्या जाहीर कार्यक्रमात एका बाईंनी हे ब्लेअर यांना तोंडावर सांगितलं, तेव्हा ते चकित झालेले सगळ्या देशाने पाहिले. २०१० मध्ये उद्दिष्ट गेलं, आठाची झुंबड राहिली.

मला याचा राग येतो तो एका कारणाने. आठ वाजता अर्धा तास फोन कानाला धरून बसणं कुणाला जमतं? बसचालकाला नाही, वृद्धाश्रमात रात्रपाळी करून आलेल्या सेविकेला नाही, इंग्रजीत अडखळणाऱ्या आजीला तर मुळीच नाही. वेल्समधल्या खाणगावात काम करणारे डॉ. ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ मध्येच मांडलं होतं की जिथे गरज जास्त, तिथेच चांगली वैद्यकीय सेवा कमी पोचते. (अशाच खाणी-गिरण्यांच्या गावांत, जिथे ब्रिटिश डॉक्टर जायला राजी नसत, तिथे भारतातून गेलेल्या कितीतरी डॉक्टरांनी आयुष्यभर दवाखाने चालवले. त्यांची आठवण व्हायला हवी.)

तुमच्या मुलीला मात्र एक सांगा. २०२३ पासून करार बदलला आहे. पहिल्याच फोनला पेशंटची गरज ऐकून पुढचं काय ते सांगायला हवं; “उद्या फोन करा” म्हणून बोळवण करणं आता त्यात बसत नाही. हे शांतपणे, पण स्पष्ट बोलून दाखवावं. तातडी नसेल तर ऑनलाइन अर्ज आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून तो दवाखान्याच्या पूर्ण वेळेत चालू ठेवणं बंधनकारक आहे. कानदुखीसाठी तर आधी जवळचं औषधांचं दुकान गाठावं. ३१ जानेवारी २०२४ पासून तिथले फार्मासिस्ट मुलांची कानदुखी, घसा, सायनस अशा सात तक्रारी पाहतात आणि गरज असेल तर अँटिबायोटिकही देतात, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय. रात्री-अपरात्री १११ वर फोन करावा, जिवावरचं असेल तर ९९९ वर.

तुम्हा दोघांसाठी : पाहुण्यांनाही जीपी मोफत आहे. मुक्काम तीन महिन्यांच्या आत असेल तर तात्पुरती नोंदणी होते, आणि पत्त्याचा पुरावा नाही एवढ्यावरून नकार देता येत नाही. साठीपुढच्यांना चिठ्ठीवरची औषधंही फुकट. पण रुग्णालयात दाखल व्हावं लागलं तर परदेशी पाहुण्यांना मोठं बिल येतं, म्हणून प्रवास विमा काढल्याशिवाय विमानात बसू नका. रोजच्या गोळ्यांची यादी ब्रँडच्या नव्हे, मूळ औषधाच्या नावाने लिहून न्या. आपल्याकडची बरीच ब्रँड नावं तिथे कुणी ओळखत नाही. आणि वेळ घेतानाच मराठी दुभाषी हवा म्हणून सांगा. पेशंटला त्याचे पैसे पडत नाहीत, बहुधा तो फोनवरून बोलतो. नातवाला मध्ये घालून पोटाच्या नि लघवीच्या तक्रारी सांगायची वेळ येत नाही.