घरातील कूलरची निगा : डेंग्यू आणि विजेच्या धक्क्यापासून संरक्षण

नागपूर, इंदूर, जयपूर किंवा दिल्ली यांसारख्या कोरड्या हवेच्या शहरांत उन्हाळ्यातील कूलर ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. घरात तान्हे मूल, गरोदर स्त्री किंवा वृद्ध व्यक्ती असल्यास तो उष्माघातापासून बचावाचे साधन ठरतो. म्हणून या पत्रकाचा हेतू आपणांस कूलरपासून परावृत्त करण्याचा नाही. मात्र एकाच पेटीत पाणी आणि वीज एकत्र नांदत असल्याने तिची निगा ही केवळ यंत्राची देखभाल नसून कुटुंबाच्या आरोग्याची बाब आहे, हे ध्यानात घ्यावे.

प्रथम पाण्याविषयी. डेंग्यू व चिकुनगुनिया पसरविणारा एडीस इजिप्ती हा डास गटाराच्या घाण पाण्यापेक्षा घरातील साठवलेले स्वच्छ पाणी पसंत करतो. कूलरची टाकी त्याला अगदी सोयीची असते : सावली, ओलावा आणि माणसांचा शेजार. मादी आपली अंडी बहुधा पाण्यात न घालता, पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, टाकीच्या ओलसर भिंतीला चिकटवते. ही अंडी काळी आणि एक मिलिमीटरहूनही लहान असतात. पाहणाऱ्याला तो मळ वाटतो. पाणी पुन्हा वर चढले की त्यांतून अळ्या बाहेर पडतात, अळीचा कोष होतो आणि अनुकूल उष्णतेत सुमारे 7 ते 10 दिवसांत डास उडू लागतो.

आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळावा, असे आरोग्य विभाग वारंवार सांगतो त्याचे कारण हेच. सात दिवसांच्या आत टाकी रिकामी झाली, तर डासाची पिढी पुरी होत नाही. परंतु येथे एक चूक फार घरांतून होते. जुने पाणी ओतून लगेच नवे भरले जाते. त्याने अळ्या जातात, पण भिंतीवरील अंडी तशीच राहतात आणि नवे पाणी पोहोचताच उबतात. कोरड्या अवस्थेतही ही अंडी कित्येक महिने जिवंत राहू शकतात. तेव्हा पाणी बदलणे हे अर्धेच काम होय. खरे काम घासण्याचे आहे.

आठवड्यातील सोयीचा वार ठरवून घ्यावा. प्लग काढल्यावर टाकीतील सर्व पाणी उपसावे आणि ते नाली किंवा हौदात न सोडता उन्हातील कोरड्या मातीवर टाकावे, म्हणजे अळ्या तेथेच मरतात. त्यानंतर टाकीच्या चारही भिंती, कोपरे आणि पंपाखालची जागा धुण्याची पूड व खरखरीत ब्रश घेऊन जोर लावून घासावी. पाण्याची रेघ उमटलेली असते तेथे विशेष लक्ष द्यावे. टाकी पुसून पूर्ण वाळू द्यावी आणि मगच भरावी. वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्यांना बुरशीचा वास येऊ लागल्यास त्या बदलाव्यात. त्या धुऊन निभावण्यात बचत फारशी नाही, आणि दम्याच्या रुग्णांना त्या बुरशीचा त्रास होतो.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते पहिल्या पावसानंतर. हवा दमट झाली की कूलर निरुपयोगी ठरतो. घरातील मंडळी तो बंद करतात आणि टाकीतील पाणी विसरतात. खिडकीबाहेर बसविलेल्या कूलरमध्ये पावसाचे पाणीही साचते. डेंग्यूचा हंगाम नेमका तेव्हाच सुरू होतो.

आता विजेविषयी. लोखंडी पेटीचा कूलर तीन पिनांच्या प्लगवरच आणि योग्य अर्थिंग असलेल्या जोडणीवरच चालवावा. प्लगची जाड व लांब पिन अर्थिंगची असते. ती तोडून किंवा उघड्या तारा सॉकेटमध्ये खोचून कूलर चालविणे म्हणजे जिवाशी खेळ होय. पाणी भरताना केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही. वायरिंग उलट जोडलेले असल्यास बटण बंद असूनही यंत्रात वीज राहते. प्लग ओढून काढावा, हात कोरडे असावेत, पायांत चप्पल असावी. मुलांना पाणी भरण्यास पाठवू नये. घराच्या मुख्य फळीवर 30 मिलिअँपिअरचे गळतीरोधक स्विच बसवून घ्यावे. त्याचा खर्च कूलरच्या किमतीपुढे मोठा नाही. कोणी चिकटल्यास त्याला हाताने ओढू नये. मुख्य स्विच बंद करावा, ते शक्य नसल्यास कोरड्या लाकडाने दूर करावे आणि 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

वातानुकूलन यंत्र असलेल्या घरांनी जाळी दर पंधरवड्यास धुवावी, तापमान 24 अंशांच्या आसपास ठेवावे आणि बाहेर ठिबकणारे पाणी बादलीत साचू देऊ नये. फ्रिजच्या मागील तबकडीही याच दृष्टीने तपासावी.

घरात कोणास अचानक तीव्र ताप, डोळ्यांमागे वेदना, सांधेदुखी किंवा अंगावर पुरळ आल्यास जवळच्या आरोग्य केंद्रात जावे. तापासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने पॅरासिटामॉल घ्यावे. अ‍ॅस्पिरीन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नये, कारण त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. ताप उतरला म्हणजे संकट टळले, असे मानू नये. डेंग्यूत ताप उतरण्याच्या सुमारासच प्रकृती बिघडू शकते. पोटात तीव्र वेदना, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त किंवा कमालीची अस्वस्थता यांपैकी एकही लक्षण दिसल्यास रुग्णास विनाविलंब रुग्णालयात न्यावे.

थंडीत ऊब मिळविण्यासाठी बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपू नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो आणि वासही नसतो. झोपेतील माणसास तो कळतच नाही. शेगडी जवळ असताना डोके दुखू लागले किंवा मळमळले तर सर्वांनी तत्काळ मोकळ्या हवेत यावे.

हंगाम संपल्यावर कूलर घासून, उन्हात वाळवून, ताट्या काढून झाकून ठेवावा. पुढील उन्हाळ्यात तो बाहेर काढाल तेव्हा टाकी कोरडी व स्वच्छ दिसली तरी पाणी भरण्यापूर्वी ती पुन्हा एकदा घासावी. मागील पावसाळ्यातील अंडी तिच्या भिंतीवर अजूनही असू शकतात.