पैसे कापले, कूपन नाही!

मित्रांनो, आमच्या मिनी-प्रोजेक्टने मेसच्या खात्यातून एका ज्युनिअरचे ६०० रुपये कापले आणि कूपन दिलंच नाही, ही बातमी तुमच्यापर्यंत पोचली असेलच. पैसे दुसऱ्या दिवशी परत केले. पण चूक शोधण्यात दोन रात्री गेल्या, म्हणून हा लेख.

एंटरप्राइज जावाबीन्समध्ये ट्रान्झॅक्शन सांभाळायचं काम कंटेनरवर सोपवता येतं. आमच्या मेथडमध्ये दोन कामं होती : आधी पैसे वजा करायचे, मग कूपन द्यायचं. दोन्ही व्हावीत, नाहीतर एकही नको. कूपन आधी का नाही तपासलं, असं विचाराल. तपासलं होतं हो! पण तेवढ्यात शेवटचं कूपन दुसऱ्याने उचललं. मग आमच्या कोडने 'कूपनसंपले' हे आम्हीच बनवलेलं चेक्ड एक्सेप्शन फेकलं. एक्सेप्शन आलं की रोलबॅक होतोच, अशी आमची समजूत. नाही होत!

कंटेनर एक्सेप्शनच्या दोन जाती मानतो. रनटाइमएक्सेप्शन आणि त्याची पिल्लं (नलपॉइंटर वगैरे) ही सिस्टिम जात. ती मेथडबाहेर पडली की कंटेनर रोलबॅक करतो, लॉगमध्ये नोंद करतो, स्टेटलेस बीनचा तो इन्स्टन्ससुद्धा टाकून देतो. चेक्ड मात्र सहसा ॲप्लिकेशन जातीचं. कंटेनर म्हणतो, हा तुमच्या घरचा मामला. एक्सेप्शन कॉल करणाऱ्याकडे जसंच्या तसं पोचवतो आणि ट्रान्झॅक्शन कमिट करायला जातो. यातही अर्थ आहे. रूम नंबर चुकला, तर कॉल करणारा तो पुन्हा विचारून त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये पुढे जाऊ शकतो.

उपाय दोन. फेकण्याआधी सेशनकॉन्टेक्स्टवर 'सेटरोलबॅकओन्ली' कॉल करा. किंवा २००६ च्या ईजेबी ३.० पासून मिळालेलं 'ॲप्लिकेशनएक्सेप्शन' हे ॲनोटेशन एक्सेप्शनच्या क्लासवर लावून त्यात रोलबॅक ट्रू करा (न सांगितल्यास फॉल्स). आम्ही दुसरा घेतला, कारण पहिला पाच ठिकाणी लिहायचा आणि सहाव्या ठिकाणी विसरायचा. पॅकेजचं नाव आता जकार्ता झालंय, नियम तोच आहे.

अजून एक. माझ्या पार्टनरने मेथडमध्येच ट्राय-कॅच घालून रनटाइमएक्सेप्शन नुसतं प्रिंट केलं होतं. बाहेर काही आलंच नाही, तर कंटेनरला कळणार कसं? ती ओळ काढली.

नंतर कूपनं शून्य ठेवून टेस्ट घेतली, खात्यातले ६०० जागेवर राहिले. ज्युनिअर मात्र अजून रोखीनेच कूपन घेतो.